डावीकडून तिसरी बाटली

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा रंगारी शिडीच्या सातव्या पायरीवर उभा होता आणि भिंतीचा हातभर पट्टा रंगवायचा राहिला होता.

दातांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना होता. पेशंट बसतात ती बाहेरची खोली. खाली खुर्चीवर रंगाऱ्याचा चांगला शर्ट, शर्टाच्या खिशात फोन, आणि तो फोन मघापासून वाजत होता. एकदा वाजला, दोनदा वाजला, पाचदा वाजला. रंगाऱ्याने वाजू दिला. ओली भिंत अर्धी सोडली तर कडेला रंग वाळतो आणि सांधा पडतो. एकदा पडलेला सांधा पुढचा रंग लागेपर्यंत डोळ्यांत खुपत राहतो.

दम लागतो म्हणून बायको त्या सकाळी मुलाबरोबर मोठ्या दवाखान्यात तपासून घ्यायला गेली होती. जाण्याआधी तिने रंग कालवून डब्याचं झाकण ठोकून बसवलं होतं. "डबा बरोबर पुरेल," ती म्हणाली होती. "सांडासांड करू नका, साहेब. मी काही आज परत कालवायला यायची नाही." एरवी ती त्याला अहो म्हणायची. साहेब म्हणाली की समजायचं, टोमणा आहे.

शेवटी दातांच्या दवाखान्यात टेबलापाशी बसणारी मुलगी आत आली. "काका, तुमच्या मुलाचा फोन आमच्या नंबरवर आलाय. खाली या ना."

तो उतरला. मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, आई गेली. नंबर यायच्या आधीच. खुर्चीत बसल्या बसल्या."

"बरं," रंगारी म्हणाला. फोन त्या मुलीच्या हातात दिला आणि पुन्हा शिडी चढला. राहिलेला पट्टा त्याने वरून खाली, नीट, दोन वेळा ओढला. ब्रश धुतला. मग शर्ट घालून गेला.

त्या मुलीला वाटलं, याला ऐकूच आलं नाही. नंतर तिने ते रंगाऱ्याच्या मुलाला सांगितलं, आणि मुलाच्या मनात ते जाऊन बसलं.

खरी गोष्ट अशी होती की तो पट्टा तसाच राहिला असता आणि डब्यातला रंग वाळून गेला असता, तर तो रंग पुन्हा कालवणं रंगाऱ्याच्या हातचं नव्हतं. त्याला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नसे. गुलाबी, करडा, फिकट हिरवा, हे सगळे त्याच्या लेखी एकाच घरातली भावंडं. हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस अर्ध्या तासापूर्वी गेलं होतं.

*

चाळीस वर्षं त्यांनी हे कसं निभावलं ते सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, पण त्यात काही जादू नव्हती.

लग्नाआधी तो फक्त पांढरं काम करायचा. छतं, जिने, गोदामं. लग्नानंतर महिन्याभराने बायको जेवणाचा डबा घेऊन कामावर आली, तेव्हा तो एका घराचं दार रंगवायला बसला होता. दोन डबे उघडे होते आणि त्याचा ब्रश चुकीच्या डब्याकडे निघाला होता. घरमालक शेजारीच उभा होता. तिने पायाने बरोबर डबा पुढे सरकवला, चुकीचा मागे ओढला आणि म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या, गार होतंय."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने विचारलं. त्याने पडेल चेहऱ्याने सगळं सांगितलं. काम गेलं, असं तो धरूनच चालला. ती म्हणाली, "एवढंच ना? मग मी येत जाईन."

आणि ती येत गेली. रंग तिने निवडायचा, तिने कालवायचा, त्याने लावायचा. लावण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची कड सुतासारखी सरळ यायची, छताला ब्रशाची रेघ दिसायची नाही. लोक म्हणायचे, "मास्तर, रंगाची जाण असावी तर तुमच्यासारखी." तो मान हलवायचा. ती मागे बादली धरून उभी असायची आणि हसू दाबायची. ती कामावर कशाला येते असं कोणी विचारलं तर तो सांगायचा, "तिला घरी करमत नाही."

प्रत्येक नवा रंग जमला की ती त्यात आइस्क्रीमची एक काडी बुडवायची, वाळवायची, मागच्या बाजूला पेन्सिलने नाव आणि प्रमाण लिहायची आणि तारेत ओवून ठेवायची. नावंही तीच द्यायची. दुधावरची साय. कोरा कागद. भिजलेली वीट. पानाची पाठ. रंगाऱ्याला रंग दिसत नसले तरी नावं तोंडपाठ होती. शंभरावर काड्या झाल्या होत्या. तार हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची.

गडद रंगाच्या पाच बाटल्या एका लाकडी खोक्यात ठरलेल्या जागी असत. डावीकडून पिवळं, तांबडं, हिरवं, निळं, काळं. बाटल्यांवरची लेबलं ओघळांखाली कधीच गडप झाली होती. एकदा ती तापाने पडली असताना त्याने त्या क्रमावरच दोन दिवस काम ओढलं होतं. जागा पक्क्या, मोजायचं झाकण पक्कं, मग डोळ्यांवाचून काय अडतंय?

ती गेल्यावर त्याने पांढऱ्याखेरीज कुठलंच काम घेतलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, गुडघे धरलेत.

*

ती गेली तेव्हा सुनेला तिसरा महिना लागला होता. त्या आधीच्या आठवड्यातच सासू-सुना पलंगावर तार पसरून बसल्या होत्या. मागच्या अंगाची छोटी खोली बाळाची करायची, हे ठरलं होतं. मुलगा होणार की मुलगी, याचे अंदाज सगळे बांधत होते. सून आणि तिचा नवरा, दोघंही तो विषय नको म्हणाली होती.

"आई, मला गुलाबी नको आणि निळाही नको," सून म्हणाली होती. "येणारं माणूस अजून आलंही नाही, आणि आपण आधीच त्याला सांगायचं का, तू असं हो नि तसं हो? त्याला त्याचं ठरवू दे."

सासू म्हणाली होती, "बरोबर आहे. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं." आणि तिने तारेतून एक काडी पुढे केली होती. पानाची पाठ. कोवळं पान उलटं केलं की मागून दिसतो तसा, हिरवा म्हणता येईल न येईल असा फिकट रंग. सुनेने ती काडी गालाला लावून पाहिली होती. "हाच. तुम्ही द्याल ना करून?"

"देईन की. मी नि साहेब मिळून."

आता आठवा महिना होता आणि खोली तशीच होती. खाट आली होती, साध्या लाकडाची. पडदे आले होते, पांढऱ्यावर पिवळ्या रेघांचे. छताला टांगायचे लाकडी मासे आले होते. भिंती मात्र जुन्या, खिळ्यांच्या भोकांनी भरलेल्या.

"बाबा," एका सकाळी सून चहा देता देता म्हणाली, "आईंनी कबूल केलं होतं. आता तुम्हीच कराल का?"

मुलगा म्हणाला, "त्यांना कशाला त्रास? काडी दुकानात दाखवली की मशीन तस्सा रंग काढून देतं. माणूस बोलावू."

"मला आईंच्या हातचा हवाय. प्रमाण लिहिलेलं आहे ना मागे?"

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. मशीनचा रंग घ्यावा, लावावा, मोकळं व्हावं, हे त्यालाही कळत होतं. पण चाळीस वर्षं लोकांनी ज्याला रंगाचा जाणकार म्हटलं, त्याने आपल्या नातवंडाच्या खोलीला मशीनचा रंग द्यायचा? आणि तिने दिलेला शब्द? "करतो," तो म्हणाला. "चार दिवस द्या. वासात राहू नका, माहेरी जाऊन या."

सुनेला इतका आनंद झाला की त्या दुपारी ती मागच्या पडवीत गेली आणि रंगाचं सगळं सामान साफ करायला बसली. ब्रश धुतले, बादल्या घासल्या. बाटल्या साबणाच्या पाण्यात भिजत घालून चाळीस वर्षांचे ओघळ खरवडून काढले. लेबलंही निघून गेली, पण काच अशी चकचकीत झाली की आतला रंग स्पष्ट दिसायला लागला. मग तिने त्या खोक्यात परत लावल्या, डावीकडून फिकट आधी आणि गडद नंतर, डोळ्यांना बरं वाटेल असं.

"बघा बाबा, नव्यासारखं केलं," ती कमरेला हात लावून म्हणाली.

"असल्या अवस्थेत कशाला वाकायचं गं?" तो म्हणाला. पण त्याला भरून आलं. बायको गेल्यापासून त्या सामानाला कोणी हात लावला नव्हता.

*

दोघं गेली आणि रंगारी कामाला लागला.

पहिला दिवस खरवडण्यात आणि भोकं बुजवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने भिंती घासून त्याने प्रायमरचा हात मारला. गुडघे खरंच दुखत होते, पण हात विसरला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पांढऱ्याचा डबा उघडला, काडी उलटी धरली आणि बायकोचं अक्षर वाचलं. पिवळं अर्धं झाकण. हिरवं दोन झाकणं. काळं चार थेंब.

पिवळं पहिलं. काळं शेवटचं. हिरवं डावीकडून तिसरं. त्याने झाकणं मोजून ओतली आणि काठीने ढवळली. ती ढवळायची तसं, तळापासून वर. मग काडी रंगाशेजारी धरून पाहिली. अगदी तसाच. त्याला तो अगदी तसाच दिसला.

"जमलं गं," तो मोठ्याने म्हणाला. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी त्याने पहिला हात दिला आणि चौथ्या दिवशी दुसरा. कपाटाच्या आतूनही दिला. छताची कड अशी आली की त्यालाच पुन्हा पुन्हा बघावीशी वाटली. भिंतीला टेकून त्याने डबा खाल्ला. तिने दिलेला शब्द पुरा झाला, ही एकच गोष्ट त्याच्या मनात होती. त्याला फार दिवसांनी भूक लागली होती.

*

पाचव्या दिवशी मंडळी आली. मुलगा, सून, आणि त्यांच्याबरोबर आत्या. आत्या म्हणजे रंगाऱ्याची थोरली बहीण. तिच्या पिशवीत विणलेलं एक टोपडं होतं, आणि तिने सुनेच्या पोटाच्या आकारावरून मुलगीच होणार असं तीन महिन्यांपूर्वी जाहीर केलं होतं.

रंगाऱ्याने दार उघडलं आणि बाजूला झाला.

कोणी काही बोललं नाही. त्याला वाटलं, आवडलंय. फार आवडलं की माणसं आधी गप्प होतात, हे त्याने शेकडो घरांत पाहिलं होतं.

मग आत्याने टाळी वाजवली. "गुलाबी! बघा, मी सांगत होते की नाही? आजोबाला आतून कळतं! मुलगीच!"

रंगाऱ्याने भिंतीकडे पाहिलं. भिंत होती तशीच होती.

मुलाचा आवाज चढला. "बाबा, एकच गोष्ट सांगितली होती. गुलाबी नको, निळा नको. बाकी अख्खं जग मोकळं होतं तुम्हाला."

"जाऊ दे रे," सून म्हणाली. पण ती पालथ्या बादलीवर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. "आईंनी दाखवली त्या काडीचा रंग हा नव्हता," ती हळूच म्हणाली. रागावून नाही. तेच रंगाऱ्याला जास्त लागलं.

"जाऊ कसं दे? ह्यांना जे करायचं तेच करणार. आई जन्मभर ह्यांच्या मागे बादल्या उचलत हिंडली, कधी म्हणाले, बस घटकाभर? ती गेली त्या दिवशीसुद्धा..." मुलगा थांबला. मग थांबणं जमलं नाही. "त्या दिवशीसुद्धा तुम्ही भिंत पुरी करून आलात. मला त्या मुलीने सांगितलंय."

"अरे, वडिलांशी कसं बोलतोस?" आत्या मध्ये पडली. "त्याने मुद्दाम केलं असेल, बायकोला मुलगी हवी होती म्हणून. काय रे? मुद्दामच ना?"

रंगाऱ्याने फक्त मान हलवायची होती. आत्याने वाट करूनच दिली होती. हट्टी म्हातारा, गेलेल्या बायकोची हौस पुरवली, संपलं. सून दोन दिवस गप्प राहिली असती, मुलगा महिनाभर. चाळीस वर्षं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं.

त्याने हातातली काडी पाहिली. मागे तिचं अक्षर होतं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला.

"काय दिसत नाही? चष्मा कुठे टाकलास?" आत्या म्हणाली.

"चष्म्याचं नाही, ताई. हे गुलाबी आहे ते मला आत्ता तू ओरडलीस तेव्हा कळलं. तांबडं नि हिरवं मला सारखंच दिसतं. लहानपणापासून."

आत्या हसली. "काहीतरीच! चाळीस वर्षं रंगारी आहेस तू."

"रंगारी ती होती. मी नुसता ब्रश."

आता कोणी हसलं नाही. त्याने सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीला पाठ लावून. दार, दोन डबे, पायाने सरकवलेला डबा. काड्या कोणाच्या, नावं कोणाची. "ती बादल्या उचलायची, खरं आहे," तो मुलाला म्हणाला. "मी म्हणायचो, दे इकडे. ती म्हणायची, लोकांना मग वाटेल मी इथे कशाला येते. बादली हातात असली की कोणी विचारत नाही. तिने माझी लाज राखली, आणि मी लोकांची शाबासकी घेत राहिलो. एकदाही कोणाला सांगितलं नाही की हे हिचं आहे."

मुलाने हातातली बॅग खाली ठेवली.

"आणि ती भिंत. डब्यात तिने कालवलेला शेवटचा रंग होता. तो वाळला असता तर मला पुन्हा जमला नसता. कोणाला सांगणार होतो मी, की जमत नाही? म्हणून पुरी केली. तिचं काम अर्धं दिसू नये, एवढंच डोक्यात आलं. दुसरं काही त्या वेळी आलंच नाही रे."

मुलाने खिडकीशी जाऊन ती उघडली. मग म्हणाला, "म्हणून तुम्ही गाडी शिकला नाहीत? सिग्नलमुळे?"

"हो."

"आणि मला सांगायचात, चालल्याने पाय मजबूत होतात. तीन मैल शाळा!"

"होतातच की."

आत्या कपाळावर हात मारून खाटेच्या कडेवर टेकली. "अगं बाई! म्हणून हा मेला परसातले कच्चे टोमॅटो तोडून आणायचा! आईने बडव बडव बडवलं ह्याला, आणि चुगली मीच करायचे. सात वर्षांचं पोर." तिने पदराने डोळे पुसले आणि पुसता पुसता परत हसायला लागली. "मी तुला इतकी वर्षं आळशी समजत होते रे."

"पण बाबा," सून अजून काडीकडे पाहत होती, "प्रमाण तर लिहिलेलं होतं. मग चुकलं कुठे?"

"डावीकडून तिसरी बाटली घेतली. तिसरी हिरव्याची."

सुनेने डोळे विस्फारले. "तिसरी तांबड्याची आहे. मी लावल्या ना. फिकट आधी, गडद नंतर." तिने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे हे सगळं मी केलं!" आणि तिला असं हसू फुटलं की पोट धरून बसावं लागलं. "बघा, आत लाथा मारतंय. ह्यालाही हसू येतंय."

"ह्याला नाही, हिला," आत्या म्हणाली.

"आत्या!" मुलगा आणि सून एकदम म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी पडवीत, वाऱ्याला, सुनेसाठी खुर्ची ठेवली. पुढ्यात पांढऱ्याचा नवा डबा आणि खोका. रंगाऱ्याने काडी वाचायची, सुनेने ओतायचं, मुलाने ढवळायचं.

"तळापासून," रंगारी म्हणाला. "सरबत नाही ते."

"ढवळतोय ना! आईसारखं बोलू नका."

"थांबा," सून म्हणाली. तिने डब्याशेजारी काडी धरली, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. बायको अशीच डोळे बारीक करायची. रंगाऱ्याला दुसरीकडे बघावं लागलं. "किंचित पिवळं वाटतंय. बाटली जुनी झाली म्हणून असेल. हिरवं अर्धं झाकण वाढवू?"

"मला कशाला विचारतेस? तुला दिसतंय ना?"

"हो."

"मग वाढव."

ती वाढवायला घाबरत होती. त्याने सांगितलं, तुझी सासूही पहिल्यांदा घाबरली होती. कोणा वकिलाच्या घराला तिने भिजलेली वीट काढायला घेतली आणि झाला चिखल. तोच तिने वकिलाला असा पटवला की पुढच्या वर्षी वकिलाच्या भावानेही तोच मागितला. सुनेने हसत हसत अर्धं झाकण ओतलं.

मुलाने रजा काढली आणि रोलर धरला. बाप कडा मारायचा, मुलगा मधला भाग भरायचा.  एकदा मुलगा ओली भिंत अर्धी सोडून फोन घ्यायला निघाला, तेव्हा बापाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मुलगा परत आला आणि पट्टा पुरा केला. "कळलं," तो म्हणाला. कशाबद्दल म्हणाला ते दोघांनाही ठाऊक होतं.

गुलाबी दोन हातांखाली गेलं. फक्त कपाटाच्या आत तसंच ठेवलं, सुनेच्याच सांगण्यावरून. "ही आपली चूक आहे, राहू दे," ती म्हणाली. आत्याने लगेच आपलं टोपडं तिथे नेऊन ठेवलं.

रंगाऱ्याला खोली पूर्वी दिसत होती तशीच आताही दिसत होती. पण सून दारात उभी राहिली आणि तिचा श्वास जसा सुटला, तो त्याने ऐकला. चाळीस वर्षं त्याने रंग असेच पाहिले होते, माणसांच्या तोंडावर. आधी एक माणूस होतं, आता तीन होती, आणि तिन्हींना खरं ठाऊक होतं. बरं वाटलं त्याला. आंघोळ केल्यासारखं बरं वाटलं.

त्याच आठवड्यात तो दातांच्या डॉक्टरांकडे गेला. दात दुखत नव्हता. टेबलापाशी तीच मुलगी होती. "काका, बसा ना. सगळे पेशंट विचारतात हा रंग कोणी निवडला. बघून भीती कमी होते म्हणतात."

"माझ्या बायकोने निवडला," रंगारी म्हणाला. "कालवलाही तिनेच. ह्याचं नाव कोरा कागद."

मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठली आणि त्याला पाणी आणून दिलं. त्याने ते भिंतीसमोर बसून सावकाश प्यायलं. शेवटच्या पट्ट्याचा सांधा कुठे असेल ते शोधलं. सापडला नाही. परत येताना वाटेवर त्याने रंगवलेली अकरा घरं लागली, आणि प्रत्येकाला तो मनातल्या मनात सांगत गेला, हे तिचं, हेही तिचं.

बाळ बारा दिवस आधीच आलं. धावपळ उडाली. मुलगा पायजम्यावरच गाडीत बसला, सुनेने जाता जाता दोन्ही हातांनी सासऱ्याचा हात धरला आणि म्हणाली, "खोली झाली ना, बाबा? मग काही काळजी नाही." दुपारी दवाखान्यात त्याच्या हातात ते गाठोडं दिलं. मूठ मिटलेली, डोळे मिटलेले, केसांचा रंग कसला ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने कोणाला विचारलंही नाही. त्याला फक्त एवढंच वाटलं की हे माणूस आलं, आणि ज्या बायकोने चाळीस वर्षं सगळं जमवून आणलं तिचं थोडं काम आपल्या हातून झालं.

आत्याचा फोन आला. पहिलंच तिने विचारलं, मुलगीच ना?

"बाळ आहे," रंगारी म्हणाला आणि फोन ठेवला.

सून आणि बाळ घरी आली त्याला आता आठवडा झाला. लाकडी मासे छताला फिरतात. तारेत सुनेने नवी काडी ओवली आहे, मागे तिच्या अक्षरात प्रमाण लिहिलं आहे, अर्धं झाकण जास्त धरून. म्हणजे हा रंग पानाची पाठ नाही, तिच्या शेजारचा आहे. नाव बाबांनी द्यायचं, असं तिने बजावलंय. ते अजून दिलेलं नाही. आणि खिडकीच्या चौकटीला दुसरा हात द्यायचा राहिला आहे.